दोन इटालियन स्कूटरी आणि एक प्रश्न : इंजिन कुठे बसवावे?

चिक्कडपल्लीतले आमचे जुने घर यंदा पाडायचे ठरले. त्या जागी पाच मजली इमारत उभी राहील, आम्हाला तीत एक फ्लॅट मिळेल आणि खाली एक मोटार व एक दुचाकी ठेवण्यापुरती जागा मिळेल. मोटारीची अडचण नाही. दुचाकीची आहे, कारण जिन्याखाली आज दोन स्कूटरी उभ्या आहेत आणि दोन्ही चालू आहेत. एक माझ्या वडिलांची लॅम्ब्रेटा एलआय १५०, दुसरी काकांची बजाज चेतक. वडील आज नाहीत. काकांना अठ्ठ्याहत्तरावे चालू आहे. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर बसले असता ते मला म्हणाले, "तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना? मग शास्त्राने सांग, दोघींतली कुठली ठेवायची?"

प्रश्न गमतीने विचारलेला असला तरी तो गमतीचा नव्हता. आमच्या घरात या विषयावर चाळीस वर्षे वाद चालत आला आहे. वडील चेतकला 'लंगडी' म्हणत आणि काका लॅम्ब्रेटाला 'बोजड' म्हणत. वडील गेल्यावर वाद थांबला, निकाल मात्र लागलेला नव्हता.

माझ्या वर्गातली मुले फेरारी श्रेष्ठ की लाम्बोर्गिनी यावर तावातावाने बोलतात. त्यांतल्या बहुतेकांनी यांपैकी एकही गाडी हात लावून पाहिलेली नाही. त्यांना मी सांगत असतो की बाबांनो, दोन इटालियन यंत्रांचा मुकाबलाच पाहायचा असेल तर तो आपल्या गल्लीत झालेला आहे, आणि त्यातला मुद्दाही तोच आहे : इंजिनाचे वजन कुठे ठेवावे? चेतक ही जन्माने व्हेस्पा. व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा या दोन्ही इटलीतल्या, दोघींचा जन्म एका वर्षाच्या अंतराने, आणि दोघींच्या जन्मकथेत एकच माणूस येतो.

त्या माणसाचे नाव कोरादिनो दास्कानियो. तो विमानविद्येतला इंजिनिअर. त्याच्या हेलिकॉप्टरने १९३० साली जागतिक विक्रम केले होते. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इटलीतले रस्ते फुटलेले, पेट्रोल महाग आणि लोकांच्या खिशात मोटारीचे पैसे नाहीत, अशी स्थिती होती. मिलान शहराच्या लांब्राते भागात फेर्दिनांदो इन्नोचेंती यांचा पोलादी नळ्यांचा मोठा कारखाना होता. त्यांच्या मनात स्वस्त दुचाकी काढायची होती आणि ते काम प्रथम दास्कानियोकडे गेले, असे सांगतात. पण नळ्यांच्या कारखानदाराला सांगाडा नळ्यांचाच हवा होता. दास्कानियोला तो नको होता. तो तेथून निघाला आणि तुस्कानीतल्या पोंतेदेरा येथे पियाज्जो यांच्याकडे त्याने आपली कल्पना पुरी केली. २३ एप्रिल १९४६ रोजी व्हेस्पाच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. पियाज्जोंचा कारखाना मूळचा विमानांचा, आणि बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेला. विमान बनवणाऱ्यांना पत्रा वाकवून त्यातूनच ताकद काढण्याची कला अवगत असते. म्हणून व्हेस्पाला वेगळा सांगाडा नाहीच. दाबून घडवलेला पत्रा हेच तिचे अंग आणि हाच तिचा कणा. इकडे इन्नोचेंतींनी चेझारे पाल्लाविचिनो व पिएर लुइजी तोर्रे या दुसऱ्या दोन विमानविद्येच्याच जाणकारांकडून १९४७ साली लॅम्ब्रेटा काढली. तिला कणा नळीचा, आणि पुढे पत्रे आले ते त्या नळीवर बोल्टने बसवलेले. लांब्राते या वस्तीवरून तिचे नाव पडले. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. बारीक कंबर आणि फुगीर मागचा भाग पाहून पियाज्जोंनीच ते नाव दिले, असे म्हणतात.

दास्कानियोला मोटारसायकल आवडत नसे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोटारसायकलवर टांग टाकून बसावे लागते, साखळीचे तेल कपड्यांना लागते, आणि पंक्चर झाले तर चाक काढताना घाम निघतो. हे तिन्ही दोष काढायचे म्हटल्यावर इंजिन पायांच्या मधून हलवावे लागते. त्याने ते मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवले आणि गिअरबॉक्सच्या दांड्यावरच चाक बसवले. इंजिनापासून चाकापर्यंत सगळे दात्यांवर दाते. मध्ये साखळी नाही, त्यामुळे ताणायला काही नाही आणि तुटायलाही नाही. पुढचे चाक त्याने विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूच्या भुजेवर टांगले. नट सोडले की चाक हातात येते. पाऊल ठेवायला सपाट फळी मिळाली. इटलीत तीवर स्कर्ट घातलेल्या बायका बसल्या, आपल्याकडे नऊवारीतल्या आजीपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सर्वांची सोय झाली.

या एका निर्णयाची किंमत मात्र द्यावी लागली, आणि वडिलांचा 'लंगडी' हा शब्द तिथूनच आला. इंजिन उजवीकडे असल्याने स्कूटरचा गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेवर न राहता थोडा उजवीकडे सरकतो. स्कूटर सरळ चालायची तर स्कूटर आणि चालक या दोघांचा मिळून गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेच्या बरोबर वर हवा. समजा, स्कूटर १०० किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य मधल्या रेषेपासून २ सेंटिमीटर उजवीकडे आहे. चालक ६० किलोचा. तराजूचाच नियम लावला तर चालकाला १०० × २ ÷ ६०, म्हणजे सुमारे ३.३ सेंटिमीटर डावीकडे सरकावे लागेल. (आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, कॉलेजच्या वजनकाट्यावर चेतक चढवायचा माझा बेत प्राचार्यांना मान्य झाला नाही.) मागे ७० किलोचा माणूस बसला तर तेच अंतर दोघांत वाटले जाऊन दीड सेंटिमीटरच उरते. म्हणजे बायको-मुलांसह निघालेली चेतक एकट्या माणसाच्या चेतकपेक्षा सरळ चालते! चालक हे सगळे नकळत करतो. कोणी थोडा डाव्या कुल्ल्यावर बसतो, कोणी स्कूटरच जराशी डावीकडे कलती ठेवतो. जुन्या चेतकच्या सीटचा फोम एका बाजूला अधिक दबलेला असतो. ज्यांच्या घरी ती अजून असेल त्यांनी हात लावून पाहावे.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. चेतक सुरू होईना तेव्हा ती एका अंगावर तिरकी करून मग किक मारायची, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे ते त्याचा संबंध या बाजूच्या इंजिनाशी जोडतात. तसा तो नाही. टाकीतले पेट्रोल पंपाशिवाय, नुसत्या उताराने कार्ब्युरेटरमध्ये येते. स्कूटर तिरकी केली की तळाशी उरलेले पेट्रोल नळीकडे सरकते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलेही थोडे उसळून हवेच्या वाटेत येते. मिश्रण दाट झाले की थंड इंजिन पेट घेते. इतकेच.

आता लॅम्ब्रेटा. १९५८ साली आलेल्या एलआय मालिकेत इंजिन आडवे, सिलिंडरचे तोंड पुढे, आणि तेही बरोबर मधल्या रेषेवर आहे. सीटखालून ते मागच्या चाकाकडे शक्ती पाठवते ती दुहेरी साखळीने. ही साखळी बंद पेटीत, तेलात फिरते. धूळ-चिखल लागत नाही. पुढचे चाक मोटारसायकलसारखे दोन भुजांच्या मध्ये धरलेले. इंजिनाची ताकद म्हणाल तर दोघी बहिणीच. लॅम्ब्रेटाचा सिलिंडर ५७ मिलिमीटर व्यासाचा व ५८ मिलिमीटर धावेचा, म्हणजे १४८ सीसी. चेतकचा ५७ बाय ५७, म्हणजे १४५ सीसी. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींना चार गिअर आणि तेही डाव्या मुठीत. मग फरक कशाने पडतो? मधले इंजिन चाकाच्या बाजूला न बसता चाकाच्या पुढे बसते, म्हणून दोन चाकांतले अंतर वाढते. लॅम्ब्रेटात ते १२९ सेंटिमीटर आहे आणि व्हेस्पाचे त्याहून कमी. लांब स्कूटर सरळ रस्त्यावर शांत चालते, खड्ड्यात डुलत नाही, दोन्ही हात सैल ठेवले तरी आपल्या रेषेत राहते. टँक बंडवरून संध्याकाळी लॅम्ब्रेटा चालवण्यात जे सुख आहे ते चेतकवर नाही, हे काकाही मान्य करतात. पण नारायणगुड्याच्या भाजीवाल्यांच्या गर्दीतून वळणे घेत निघायचे तर चेतक पाण्यातल्या माशासारखी निघते आणि लॅम्ब्रेटाला दोनदा पाय टेकावे लागतात.

येथे फेरारी-लाम्बोर्गिनीवाल्या मित्रांकडे वळतो, कारण त्यांच्याही बाबतीत हेच घडले. लाम्बोर्गिनीने १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात मिउरा मांडली. बारा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, दोन आसांच्या मध्ये, आडवे बसवलेले. फेरारीने १९६८ साली डेटोना आणली. इंजिन बारा सिलिंडरचेच, ४.४ लिटरचे, पण जुन्या रीतीप्रमाणे पुढे. समतोल साधावा म्हणून गिअरबॉक्स मात्र मागच्या आसाशी नेलेला. ताकद दोन्हींची साधारण साडेतीनशे अश्वशक्ती. यातले शास्त्र असे : एका काठीच्या दोन टोकांना विटा बांधा आणि काठी मध्ये धरून गरकन फिरवा. मग त्याच विटा मुठीजवळ बांधून फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी काठी चटकन वळते आणि चटकन थांबते. वजन मध्याच्या जवळ आले की जडत्वाचे आघूर्ण, ज्याला आपण वर्गात मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतो, ते घटते. मिउरा म्हणजे मुठीजवळ बांधलेल्या विटा. ती वळणात झटकन शिरते. मात्र चालकाची चूक झाली तर तितक्याच झटकन फिरतेही. पुढचा भाग हलका आणि पेट्रोलची टाकी पुढे असल्याने टाकी रिकामी होत आली की भरवेगात मिउराचे तोंड उचलल्यासारखे होई, ही तिची प्रसिद्ध खोड होती. डेटोना वळायला आळशी, पण सरळ रस्त्यावर ताशी २८० किलोमीटरपर्यंत विश्वासाने जाणारी. सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती मधल्या इंजिनाची बारा सिलिंडरची गाडी देणे धोक्याचे, असे एंझो फेरारी यांचे बरीच वर्षे मत होते. पुढे १९७३ पासून त्यांच्याही कारखान्यातून तशी गाडी निघू लागली.

मिउराचा आणि आपल्या जिन्याखालच्या स्कूटरींचा संबंध नुसत्या उपमेचा नाही. इंजिन आडवे ठेवून गिअरबॉक्स त्याच्याच पोटात घालण्याची कल्पना मिउराच्या तरुण इंजिनिअरांनी इंग्लंडच्या छोट्या मिनी मोटारीवरून घेतली. आणि ती मिनी इटलीत परवान्याने बनवीत होते ते लॅम्ब्रेटावाले इन्नोचेंतीच. मिउराला सुंदर अंग दिले तुरीनच्या बेर्तोने या कार्यशाळेने. त्याच बेर्तोनेने १९६९ साली लॅम्ब्रेटाच्या शेवटच्या जीपी मालिकेचा अंगरखा बेतला. आणि ती जीपी कुठे आली? लखनौला!

हे कसे झाले ते सांगितले पाहिजे. हिंदुस्थानात लॅम्ब्रेटा आधी मुंबईत आली. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे ए.पी.आय., ही कंपनी ती बनवीत असे. पुढे हीच स्कूटर 'लॅम्बी' नावाने विकली गेली. व्हेस्पा पुण्याला आली. १९४५ साली स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून स्कूटरी आयात केल्या, मग १९६० च्या सुमारास पियाज्जोच्या परवान्याने त्या येथेच बनू लागल्या. आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. पियाज्जोशी करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. अंग व्हेस्पाचे, नाव राणा प्रतापच्या घोड्याचे. त्याच सुमारास तिकडे मिलानमध्ये इन्नोचेंतींनी लॅम्ब्रेटा बंद केली. इटलीत लोकांना छोटी फियाट परवडू लागली होती, स्कूटरची गरज सरली होती. ती सगळी यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली, १९७२ मध्ये लखनौला स्कूटर्स इंडिया ही कंपनी काढली आणि १९७५ पासून तेथे 'विजय सुपर' निघू लागली.

आमच्या हैदराबादनेही दोन्ही घराण्यांशी सोयरीक केली, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते. येथल्या ऑल्विन कंपनीने, जी फ्रिज, बसची बांधणी आणि घड्याळे करीत असे तिने, 'पुष्पक' नावाची स्कूटर काढली. ती लॅम्ब्रेटाच्या कुळातली. आणि १९८० च्या दशकात आंध्र प्रदेश स्कूटर्सने पियाज्जोशी करार करून व्हेस्पा बनवली. एका शहरात दोन्ही! तरीही आर.टी.सी. चौरस्त्यावर सिनेमा सुटला की जो स्कूटरींचा लोंढा निघे त्यात बहुतांश आकुर्डीच्याच असत.

असे का झाले? आमच्या वडिलांचे उत्तर होते की लोकांना चांगल्या वस्तूची पारख नसते. मला ते पटत नाही. पत्रा दाबून अंग घडवायला प्रचंड प्रेस आणि डाय लागतात. सुरुवातीचा खर्च मोठा, पण एकदा डाय बसली की हजारावी स्कूटर पहिलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. नळी वाकवून, जोडून, वर पत्रे बसवून केलेल्या लॅम्ब्रेटाला हा फायदा तितका मिळत नाही. सुटे भाग अधिक, हातकाम अधिक. मोठ्या संख्येने बनवणाऱ्याच्या हाती व्हेस्पाचा आराखडा पडला तर तो जिंकणारच. मुंबई, लखनौ आणि राज्याराज्यांतले छोटे कारखाने यांत लॅम्ब्रेटाचे कूळ विभागले गेले. पुण्यात सगळे एका छपराखाली होते. त्यावर परवाना पद्धत. कोणी किती स्कूटरी काढायच्या हे सरकार ठरवी, आणि बजाजसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. काकांचा नंबर लागला त्याच आठवड्यात माझी चुलतबहीण जन्मली. घरात पेढे कशाचे वाटले यावर अजून एकमत नाही.

पण सर्वांत मोठे कारण मला आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे सापडले. दोन्ही स्कूटरी तोच पाहतो. लॅम्ब्रेटाची तो तारीफ करतो, तिच्या अंगाचे पत्रे काढले की इंजिन दोन्ही बाजूंनी हाताला येते म्हणतो. मग म्हणतो, "साब, बजाज का पार्ट कोने पे मिलता. लॅम्ब्रेटा का ढूंडना पडता." जी वस्तू जास्त, तिचे भाग जास्त, ज्याचे भाग जास्त, ते दुरुस्त करणारे हात जास्त, आणि ते हात पाहूनच पुढचा गिऱ्हाईक तीच वस्तू घेतो. गुरुत्वमध्याचे गणित या फेऱ्यात कुठे येत नाही. चालकाने ३.३ सेंटिमीटर सरकून ते केव्हाच सोडवलेले असते.

लखनौने दुचाकी बनवणे १९९७ च्या सुमारास थांबवले, आणि ती कंपनीच बंद करण्याचा निर्णय २०२१ साली झाला. चेतकही २००५ च्या सुमारास थांबली. २०२० पासून तेच नाव पुन्हा रस्त्यावर दिसते, पण ती विजेवर चालते. खरी व्हेस्पा २०१२ पासून बारामतीला बनू लागली, आणि तिचेही इंजिन मागच्या चाकाला लगटूनच आहे. दास्कानियोने १९४६ मध्ये जे केले ते बदलावे असे पियाज्जोला वाटलेले नाही.

तेव्हा काकांना मी काय सांगितले? शास्त्राने विचाराल तर समतोल लॅम्ब्रेटाचा चांगला, लांबच्या रस्त्याला तीच. पण तुम्हाला रोज सकाळी ग्रंथालयात जायचे असते, भाजी आणायची असते, बिघाड झाला तर तासाभरात दुरुस्त व्हायला हवी. तेव्हा चेतक ठेवावी. वडिलांच्या स्कूटरविरुद्ध हा निकाल देताना मला बरे वाटले नाही. काका काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "तुझ्या बाबांना कळलं असतं तर?" मी म्हटले, "त्यांनी गणित तपासायला मागितलं असतं."

लॅम्ब्रेटाला गिऱ्हाईक सहज मिळाले. जुन्या स्कूटरी जमवून चालत्या करण्याचा नाद असलेले एक गृहस्थ सिकंदराबादहून आले. त्यांनी नळीवरचा नंबर आरशाने वाचला, साखळीची पेटी उघडून पाहिली आणि सांगितलेली किंमत दिली. नेण्यापूर्वी एक फेरी मारू का, असे काकांनी त्यांना विचारले. ते आमच्या गल्लीतून ग्रंथालयापर्यंत गेले आणि परत आले. मी फाटकाशी उभा होतो. लॅम्ब्रेटा अगदी सरळ येत होती, आणि तिच्यावर बसलेले काका, चाळीस वर्षांच्या सवयीने, थोडे डावीकडे कललेले.